फळीच्या अल्याड-पल्याड

काशीदला आमचं किराण्याचं दुकान होतं. समुद्राकडे पाठ, मुरूडच्या रस्त्याकडे तोंड. आजोबांनी ते घातलं, वडिलांनी चालवलं. पुढे एक जाड फळी, तिच्या मागे धान्याच्या गोणी, तेलाचे डबे, गुळाची ढेप आणि वर टांगलेला तराजू. शाळा सुटली की मी त्या फळीमागे बसायची. पुढे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका झाले, निवृत्तही झाले. पण मुलांना भाषा शिकवताना जे प्रश्न मला पडत गेले, त्यांतले बरेचसे त्या फळीवरच पहिल्यांदा पडले होते.

कारण फळीपुढे येणारं गिऱ्हाईक एका तोंडाने बोलत नव्हतं. आगऱ्यांची बोली वेगळी, कोळ्यांची वेगळी. नांदगाव-मुरूडकडची मुसलमान मंडळी घरात आपल्या ढंगाने बोलत आणि दुकानात आली की आमच्या ढंगाने. फणसाडच्या जंगलाच्या अंगाने कातकरी उतरत. त्यांचं आपसातलं बोलणं आम्हाला निम्मंशिम्मं कळे. कोर्लईच्या ख्रिस्ती बायका कधी वाटेत थांबल्या तर त्यांच्या आपसातल्या बोलण्यातलं अक्षरही कळत नसे. बाहेरच्या माणसाला हा सगळा मुलूख मराठी वाटतो, आणि तो मराठी आहेच. पण पावशेर तेल नि दोन पैशांची तंबाखू घेताना बोलीतलं अंतर थेट पदरात पडणाऱ्या मालात दिसतं.

या किनाऱ्याचा इतिहास मिळेल तिथून वाचायचा मला नाद आहे. त्या वाचनातून आणि फळीमागे बसून पाहिलेल्यातून माझं एक मत पक्कं झालं आहे. बाजारात भाषा अडली की कोणी वाकायचं, हे व्याकरण ठरवत नाही, गरज ठरवते. ज्याचं अडलेलं असतं तो समोरच्याची भाषा शिकतो. 'गरजवंताला अक्कल नसते' असं आपण म्हणतो. मी पाहिलं ते याच्या उलट. सगळ्यांत जास्त अक्कल गरजवंतालाच चालवावी लागे, आणि त्याची नोंद कोणी ठेवली नाही.

काशीदहून उत्तरेला बारशिव, बोर्ली, कोर्लई, साळाव करत गेलं की कुंडलिकेची खाडी लागते. पलीकडे रेवदंडा आणि चौल. आज पुलावरून गाडी भुर्रकन जाते. आमच्या लहानपणी तरीने जावं लागे. हे चौल हजार-बाराशे वर्षांपूर्वी जगाला माहीत असलेलं बंदर होतं. अरबी लेखक त्याला सैमूर म्हणत. अल्-मसूदी हा बगदादचा प्रवासी इ. स. ९१६ च्या सुमारास तिथे येऊन गेला. तेव्हा इथे शिलाहार राजा झंझ याचा अंमल होता. मसूदी लिहितो, की सैमूरमध्ये सुमारे १०,००० मुसलमान राहतात. सिराफ, ओमान, बसरा, बगदाद इथून आलेले आणि इथेच जन्मलेलेही. त्यांच्यातले तंटे सोडवायला त्यांच्यातलाच एक मुखिया राजाने नेमलेला असे. सैमूर, सोपारा, ठाणे या पट्ट्यातल्या लोकांच्या भाषेचीही त्याने नोंद केली आहे. मला त्यातली 'इथेच जन्मलेले' ही माणसं महत्त्वाची वाटतात. बाप ओमानचा, आई इथली. दोन्हीकडचं बोलणं कानावर पडत वाढलेली ही मुलं बाजारात केवढ्या कामाची ठरली असतील! भाषेची अडचण पहिल्यांदा कोणी दूर केली असेल तर ती घराघरातल्या आयांनी, असं मला मनापासून वाटतं.

त्यानंतर साडेपाचशे वर्षांनी, १४६९ च्या सुमारास, अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी होर्मुझहून एक घोडा घेऊन चौलला उतरला. रेवदंड्याला त्याचं स्मारक आहे. त्याची रोजनिशी वाचताना मला फार वाईट वाटलं. त्याला वाटेत सांगितलं होतं, की हिंदुस्थानात तुमच्या देशाच्या कामाचा माल मुबलक आहे. इथे येऊन पाहतो तर मिरी आणि रंग स्वस्त, पण त्याच्या मुलखात खपेल असं काही नाही. फसवलं मला, असं तो चिडून लिहितो. जुन्नरला तिथल्या खानाने त्याचा घोडाच काढून घेतला आणि धर्म बदल म्हणून धमकावलं. एका खुरासानी माणसाने मध्ये पडून सोडवलं. पुढे तो खोजा युसूफ खोरासानी या नावाने वावरला. त्याच्या रोजनिशीत रशियनच्या मध्येच तुर्की, फारसी, अरबी यांची भेसळ येते. परक्या बाजारांतून फिरता फिरता त्याची स्वतःची भाषाही बदलली होती.

पोर्तुगीज दुआर्ते बार्बोझा १५१६ च्या आसपास चौलच्या हंगामी बाजाराचं वर्णन करतो. डिसेंबर ते मार्च या महिन्यांत मलबारची गलबतं नारळ, सुपारी, मसाले घेऊन येत. घाटावरून माल लादलेल्या बैलांचे तांडे उतरत. एकेक माणूस वीस-तीस बैल हाकत असे. व्यापारी गावाबाहेर तळ ठोकत. डोळ्यांपुढे आणून पाहा: मलबारचा तांडेल, घाटावरचा लमाण, गुजरातचा वाणी, होर्मुझचा घोडेविक्या. चार महिन्यांत सगळ्यांना माल खपवून पावसाआधी परतायचं आहे. इथे कोणी कोणाची भाषा शिकायला बसणार नव्हतं.

मग व्यवहार कसा होई? दलालाच्या बोटांनी. इटालियन प्रवासी वर्थेमा सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला चौलवरून पुढे गेला होता. त्याने कालिकतच्या बाजारातली रीत लिहून ठेवली आहे. घेणारा आणि विकणारा समोरासमोर, मध्ये दलाल. हातांवर कापड टाकायचं आणि त्याखाली बोटांच्या पेरांना स्पर्श करून भाव सांगायचा. तोंडाने एक शब्द नाही. पुढे तॅव्हेर्निएने हिऱ्यांच्या बाजारात हीच रीत पाहिली. आपल्याकडे हिला करपल्लवी म्हणत, आणि बैलबाजारात उपरण्याखाली चाललेले सौदे पाहिलेली म्हातारी माणसं माझ्या ओळखीची होती. भाषा येत नसली तरी या रीतीने व्यवहार होई. पण बाजूला उभ्या असलेल्या तिसऱ्या माणसाला भाव कळू नये, ही सोयही तिच्यात होती.

ही दुसरी सोय मला विसरता येत नाही. बाजारात काही भिंती आपोआप असतात आणि काही मुद्दाम बांधलेल्या असतात. आपल्या व्यापाऱ्यांनी नंदभाषा नावाची एक अंकांची भाषाच केली होती. एक म्हणजे केवली, दोन अवारू, तीन उधानू, चार पोकू, पाच मुळू. दलाल आणि दुकानदार गिऱ्हाइकाच्या तोंडावर भाव बोलत आणि गिऱ्हाईक नुसतं ऐकत राही. माझ्या आजोबांना ती थोडी येत होती. रेवदंड्याला घाऊक माल भरताना कानांवर पडून शिकलेली. ते मला ती कौतुकाने म्हणून दाखवत आणि मीही कौतुकाने पाठ करी. मोठी झाल्यावर ते कौतुक कमी झालं. आपल्याच गावच्या, आपलीच भाषा बोलणाऱ्या माणसाला त्याच्या पैशांविषयी काय ठरतंय ते कळू नये म्हणून हे शब्द घडवले गेले, हे ध्यानात आलं.

थोरामोठ्यांच्या व्यवहाराला दुभाषे असत. पोर्तुगीज कारभारात दुभाष्याची पगारी जागा होती. १६७४ साली शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकासाठी इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन मुंबईहून निघाला, तो चौलला उतरून कुंडलिकेने रोह्याकडे गेला आणि तिथून रायगडावर. महाराजांशी बोलायला त्याच्याबरोबर नारायण शेणवी होते. या वकिलातीच्या वृत्तांतात एक छोटी हकिकत आहे आणि इतिहासाच्या जाड पुस्तकांतून ती बहुधा गाळली जाते. गडावर मांस खाणारे थोडे. इंग्रजांना मात्र रोज बकऱ्याचं मांस लागे. त्यांना ते पुरवणारा म्हातारा खाटीक शेवटी गड चढून वर आला. मागणी एकच: इतकं मांस घेणारी ही माणसं मला डोळ्यांनी बघायची आहेत. गेल्या कैक वर्षांत विकलं नाही तेवढं मांस त्याने त्या महिन्याभरात विकलं होतं. महाराज आणि इंग्रज यांच्यातल्या वाटाघाटींसाठी नारायण शेणवी होते. खाटकाला कोणी दुभाष्या दिला नव्हता. त्या वयात गड चढून तो आला, आपली गिऱ्हाइकं पाहिली आणि गेला. रायगड जिल्ह्याच्या दुकानदारीचा इतिहास कोणी लिहिला तर पहिलं पान मी या माणसाला देईन.

खाडीच्या दक्षिणेचा आमचा मुलूख जंजिरा संस्थानात होता. सिद्दी नवाबाचं राज्य, मुरूड राजधानी; १९४८ साली ते भारतात विलीन झालं. मुंबई सरकारच्या गॅझेटियरचा कुलाबा-जंजिऱ्याचा खंड १८८३ साली निघाला. त्यात जाती आहेत, धंदे आहेत, मापं आहेत, कोण काय विकतो तेही आहे. नाही ते एवढंच, की विकायला आलेल्या बाईने भाव कोणत्या शब्दांत सांगितला आणि तो तिला मिळाला का. ते लिहायचं काम मग माझ्यासारख्यांवर येतं.

आमच्या दुकानात एक कातकरीण येई. तिचं नाव मला ठाऊक आहे, पण इथे लिहीत नाही. डोक्यावर लाकडाची मोळी, पावसाळ्याच्या तोंडाला चिंबोऱ्या, कधी पळसाच्या पानात मध. मोळी गावात विकून ती फळीपुढे उभी राही. इतर बायका 'मीठ, मिरची, गोडं तेल, काडेपेटी द्या' असं एका दमात सांगत आणि शेवटी हिशेब होई. ही तसं कधीच करत नसे. आधी मीठ मागायची. मीठ बांधून झालं की पदराच्या गाठीतून त्याचेच पैसे काढून फळीवर ठेवायची. उरलेली मोड हातात आली की ती मुठीत घट्ट धरायची, पुडी बाजूला ठेवायची, आणि मग म्हणायची, तंबाखू. पुन्हा तेच. मग सुकट. पुन्हा तेच. रॉकेल सगळ्यात शेवटी, कारण बाटली दुसऱ्या हातात धरावी लागे. मागे चार गिऱ्हाइकं ताटकळलेली असत. कोणी तरी करवादे, "आवर गो, एकदम सांग ना!" ती मागे वळून बघतही नसे.

लोक म्हणत, अडाणी आहे, हिशेब कळत नाही. मला तेव्हाही ते पटत नव्हतं आणि पुढे शिक्षिका झाल्यावर तर त्याचा उलगडाच झाला. पाच जिनसांची बेरीज दुकानदार करणार, त्याच्या बोलीत करणार, भराभर करणार. त्यात चूक झाली, किंवा केली गेली, तर ती दाखवायला तिच्याकडे शब्द नव्हते. शब्द असते तरी ऐकणारं कोणी नव्हतं. म्हणून तिने व्यवहाराचे तुकडे इतके लहान केले, की प्रत्येक तुकडा तिच्या डोळ्यांसमोर आणि तिच्या मुठीत मावेल. एक जिन्नस, एक किंमत, एक मोड. ही तिची स्वतःची हिशेबाची पद्धत होती आणि ती बिनचूक होती. वडील तिला घाई करत नसत, याचा मला आजही अभिमान वाटतो. पण तिच्याशी बोलताना तेही आपली आगरी बोलीच बोलत. इतकी वर्षं ती आली, तिने आमच्या जिनसांची, मापांची, नाण्यांची नावं शिकून घेतली. आम्ही तिच्या बोलीतलं काय शिकलो? माझ्या घरात तरी कोणी काही शिकलं नाही.

कातकरी ही महाराष्ट्रातल्या अतिअसुरक्षित आदिवासी जमातींपैकी एक. कोलाम आणि माडिया गोंड या दुसऱ्या दोन. खैराच्या झाडापासून कात काढणं हा त्यांचा जुना धंदा. पुढे कोळशाच्या भट्ट्या, मग वीटभट्ट्या. तिथे पावसाळ्यात उचल द्यायची आणि हंगामभर फेडून घ्यायची. उचल किती, फिटली किती, हे कागदावर. कागद मालकाचा, अक्षर मालकाचं.

वहीच्या अक्षराने माणसं किती पेटतात, हे १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात दिसलं. शेतकरी जमले ते सावकारांच्या खतावण्या आणि कर्जरोखे हिसकून जाळायला. हे सावकार बहुतेक मारवाडी आणि गुजराती, आणि त्यातले बरेच किराणा-कापडाचे दुकानदारही होते. इतिहासात याची कारणं म्हणून कापसाचे पडलेले भाव, सारावाढ, व्याज ही सांगतात, आणि ती खरीच आहेत. मी त्यात दुकानाच्या फळीची एक गोष्ट घालीन. आपल्या नावापुढे काय लिहिलंय ते ज्याला वाचता येत नाही, त्याला तो कागदच शत्रू वाटतो. आमच्या आजोबांची वही मोडीत होती. मोडी वाचणारी माणसं गावात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. वडिलांनी बाळबोधीत लिहायला सुरुवात केली तेव्हा उधारी ठेवणारी शाळकरी मुलांना बरोबर घेऊन येऊ लागली, आणि पोरं आपल्या बापाच्या नावापुढचा आकडा मोठ्याने वाचून दाखवू लागली.

मग १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले. सोळा आण्यांच्या रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. एक आणा म्हणजे ६, दोन आणे म्हणजे १२, तीन आणे म्हणजे १९, चार आणे म्हणजे २५. दोन आण्यांपर्यंत दर आण्याला सहा आणि तिसऱ्या आण्याला एकदम सात का, हे दुकानदारालाच नीट सांगता येत नव्हतं. वडील सांगत, की त्या दिवसांत फळीवर जितकी भांडणं झाली तितकी पुढे कधी झाली नाहीत, आणि या वेळी आगरी, कोळी, कातकरी, मुसलमान सगळे एकाच बाजूला होते. पाठोपाठ शेर गेले, किलो आले. पायली आणि अधोली मात्र भाताच्या घरांतून बरीच वर्षं हलली नाही. सरकारने एका तारखेला बाजाराची भाषा बदलली आणि सगळ्यांना एकदम अडाणी केलं. त्या कातकरणीला तेव्हा सगळ्यात कमी त्रास झाला असणार, असं मला वाटतं. तिचा हिशेब आधीपासूनच एकेका नाण्याचा होता.

कोर्लईच्या बायकांची गोष्ट निराळी. पोर्तुगीजांनी १७४० साली चौल आणि कोर्लईचा किल्ला सोडला, तो मुलूख मराठ्यांकडे आला, पण किल्ल्याच्या पायथ्याची ख्रिस्ती वस्ती तिथेच राहिली. पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मेळातून झालेली त्यांची बोली आजही घरात बोलली जाते. बोलणारे हजाराच्या आसपास. क्लॅन्सी क्लेमेंट्स या अमेरिकन भाषाभ्यासकाने तिच्यावर लिहिलेलं पुस्तक १९९६ साली निघालं. सत्ता गेली, जहाजं गेली, आणि शेतकऱ्यांच्या एका छोट्या गावाने ती भाषा स्वयंपाकघरात सांभाळली. या बायका दुकानात आमच्याशी आमच्यासारखं मराठी बोलत. पण भाव करताना दोघी एकमेकींकडे वळून आपल्या बोलीत काही बोलायच्या आणि मग एकीकडून ठाम आकडा यायचा. वडील तेवढा वेळ दोघींच्या तोंडांकडे बघत राहायचे. पिढ्यान्‌पिढ्या दुकानदारांनी नंदभाषेत जे केलं, ते इथे गिऱ्हाईक करत होतं. मला ते फार आवडायचं.

या किनाऱ्यावर बेने इस्रायल ज्यूही होते. रेवदंडा, बोर्ली, नांदगाव, मुरूड; गावोगावी घाणे, आणि शनिवारी घाणा बंद म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. त्यांच्या दुकानात भाषेची कसलीच अडचण नव्हती. त्यांची भाषा मराठीच. कीर्तनं मराठीत, पुस्तकं मराठीत. १९४८ नंतर ही कुटुंबं हळूहळू इस्रायलला निघाली. लोद, बीरशेबा, दिमोना, अश्दोद अशा गावांत वसली. आणि पिढ्यान्‌पिढ्या फळीच्या आत बसून मराठीत तेल विकलेली माणसं तिथे परक्या दुकानात फळीबाहेर उभी राहिली. हिब्रू प्रार्थनेत येत होतं; पण प्रार्थनेच्या हिब्रूत अर्धा किलो कांदे मागता येत नाहीत. सुरुवातीचे दिवस इतके कठीण गेले, की १९५१-५२ मध्ये काहींनी आम्हाला परत पाठवा म्हणून धरणं धरलं, आणि काही कुटुंबं खरोखर भारतात परत आली. कारणं पुष्कळ होती. काम, घर, रंगावरून होणारा भेद. पण घरातल्या बाईला रोज सकाळी दुकानात जाऊन मुक्यासारखं बोट दाखवावं लागणं, हे त्यातलं लहान कारण नसावं. पुढे त्यांच्या मुलांनी हिब्रू आत्मसात केली, आणि तिथूनच 'मायबोली' हे मराठी नियतकालिकही निघालं.

आमच्याकडची तरुण पोरं मुंबईला गेली. गिरणीत, गोदीत, खानावळीत. रेवसहून लाँच, भाऊचा धक्का, आणि धक्क्यावर पाऊल ठेवताच हिंदी. काशीदच्या पुरुषांना हिंदी मुंबईने शिकवली. बायकांना ती शिकवली समुद्रावर आलेल्या पर्यटकांनी.

ही गोष्ट १९९० च्या दशकापासूनची. साळावला कारखाना आला, रस्ता सुधारला, पुण्या-मुंबईच्या गाड्या शनिवार-रविवारी येऊ लागल्या. सुरूच्या बनाशी टपऱ्या उभ्या राहिल्या. माझ्या वहिनीने त्यातली एक घातली. चहा, ऑम्लेट, मॅगी, कोकम सरबत, सांगितली तर माशाची थाळी. दुसरीपर्यंत शिकलेली ही बाई आज चार भाषांतल्या गिऱ्हाइकाला जेवू घालते. एक गुजराती कुटुंब उपाशीच उठून गेलं, तेव्हा शेजारच्या टपरीवाल्याने तिला जैन जेवणाचा अर्थ सांगितला. दुसऱ्या दिवशी तिने एक निराळी कढई आणली, तिच्या कानाला लाल दोरा बांधला, आणि तेव्हापासून तशी गाडी थांबली की ती आधी विचारते, "कांदा-लसून चलेगा, की बिना का करू?" कढई उचलून दोरा दाखवते. बोलण्यावर लोकांचा विश्वास बसला नाही तर दोऱ्यावर बसतो.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळात सुरूची झाडं मोडली, टपऱ्या उडाल्या, सुपारीच्या बागा आडव्या झाल्या. वहिनीने पुन्हा पत्रे घातले. आता तिच्याकडे पैसे जमा झाल्याचं मोठ्याने बोलून सांगणारं डबडं आहे. आसपासच्या हॉटेलांत बिहार-झारखंडकडची आणि नेपाळची मुलं कामाला आहेत. त्यातली काही वर्ष-दोन वर्षांत अशी आगरी बोलतात, की पाठमोरं ऐकलं तर ओळखू येणार नाहीत. मालकाने सांगून नव्हे; भाजीवाली, मासेवाली आणि दुकानदार यांच्याशी रोजचा संबंध म्हणून. गरज.

पाट्यांचा कायदा झाला आहे. २०२२ च्या दुरुस्तीने लहानात लहान दुकानालाही मराठी पाटी आवश्यक झाली आणि २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने दुकानदारांना त्यासाठी दोन महिने दिले. मराठी पाटी हवी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मला खंत आहे ती वेगळ्याच गोष्टीची. पुण्याचं मराठी कुटुंब टपरीवर येतं आणि "आंटी, चाय मिलेगी?" विचारतं. वहिनी "हां, मिलेगी, बैठो" म्हणते. मग दोन्हीकडची मराठी माणसं हिशेब होईपर्यंत हिंदीत बोलतात. विकणाऱ्या बाईनेच वाकायचं, ही सवय दोघांच्याही अंगात इतकी मुरली आहे, की समोरचं माणूस कोण हे बघायलाही कोणी थांबत नाही. बाहेरगावचा हिंदी बोलला तर त्यात त्याचा दोष नाही. मराठी माणसाने टपरीवरच्या मराठी बाईला परकं ठरवावं, हे मला लागतं.

वहिनीकडे गेल्या हंगामापासून एक कातकऱ्यांची मुलगी कामाला आहे. बारावी झालेली. घरी कातकरी, गावात आगरी, शाळेत शिकलेली प्रमाण मराठी, गिऱ्हाइकाशी हिंदी, आणि मोबाइलवरून उचललेलं कामापुरतं इंग्रजी. मी पाहिलेली ही पहिली कातकरीण, जी फळीच्या आत उभी आहे. मी तिच्याकडून जिनसांची, मापांची आणि भाव करण्याची कातकरी बोलीतली नावं उतरवून घेते आहे. आमच्या घराने जे आधीच करायला हवं होतं ते.

परवा मी तिथे असताना पुण्याची एक मंडळी आली. त्यातल्या बाईंनी हिंदीत विचारायला सुरुवात केली, तर ही सरळ म्हणाली, "मावशी, मराठीत बोला, मला येते." त्या बाई क्षणभर गोंधळल्या, मग हसल्या, आणि मराठीत म्हणाल्या, "अगं, मला वाटलं तू बाहेरची."

"नाय. इथलीच. वर फणसाडच्या अंगाला आमची वाडी," ती म्हणाली. "सुरमई थाळी साडेतीनशे, बांगडा अडीचशे. भाकरी तांदळाची. किती माणसं जेवणार?"